एमजीबीच्या गिअरबॉक्सवरचा छोटा स्विच 'डायरेक्ट' का करू नये?

१९६२ ते १९८० या काळात बनलेली एमजीबी ही ब्रिटनची गाजलेली स्पोर्ट्स कार. १९६७ नंतरच्या बहुतेक गाड्यांच्या गिअरबॉक्सवर रिव्हर्स लाइटचा एक छोटा स्विच असतो. ओव्हरड्राइव्ह असेल, तर त्याचा आणखी एक. यातला दुसरा बिघडला की काही जण त्याच्या तारा एकमेकींना जोडून मोकळे होतात. हा जुगाड महागात पडू शकतो.

हा स्विच करतो काय?

ओव्हरड्राइव्ह म्हणजे इंजिनाचे फेरे कमी ठेवून गाडी वेगात पळवणारी जोड-यंत्रणा. ती फक्त वरच्या गिअरमध्ये लागावी, यासाठी हा स्विच असतो. यंत्रणेतला रोलर क्लच एकाच दिशेने मोकळा फिरतो. पुढे जाताना अडचण नसते. पण ओव्हरड्राइव्ह लागलेला असताना रिव्हर्स टाकला, तर दिशा उलटते, क्लच अडकतो आणि आतले भाग तुटू शकतात. स्विच 'डायरेक्ट' केला की नेमकं हेच संरक्षण जातं.

दोष कुठे आहे, कसं ओळखाल?

इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू करा. चौथा गिअर टाका आणि ओव्हरड्राइव्हचं बटण दाबा. गाडीखालून 'टक' असा आवाज आला, तर सोलेनॉइडपर्यंत करंट पोहोचतोय. आवाज नसेल, तर टेस्ट लॅम्प घ्या. स्विचच्या एका टोकाला करंट आहे आणि दुसऱ्या टोकाला नाही, म्हणजे स्विच गेला. दोन्ही टोकांना असेल, तर पुढची तार, अर्थिंग किंवा सोलेनॉइड तपासा.

तारांचे रंगही मदत करतात. रिव्हर्स लाइटसाठी हिरवी तार येते आणि हिरवी-तपकिरी पुढे जाते. ओव्हरड्राइव्हची ओळख पिवळ्या रंगावरून होते.

बदलताना काय सांभाळाल?

आधी बॅटरीची तार काढा. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत सीटमागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. गाडीखाली जाणार असाल, तर नुसत्या जॅकवर विसंबू नका, भक्कम स्टँड लावा.

जुन्या स्विचखालचे वॉशर फेकू नका. स्विच किती आत जाणार, हे त्यांच्यावरच ठरतं. वॉशर जास्त झाले, तर स्विचची पिन दाबलीच जात नाही. कमी पडले, तर स्विच कायम चालू राहू शकतो किंवा त्याची पिन खराब होते. मल्टिमीटर लावा, संबंधित गिअर टाका आणि स्विच हाताने हळूहळू फिरवत आत न्या. संपर्क जुळल्यावर किंचित आणखी आत जाईल एवढेच वॉशर ठेवा.

शेवटची परीक्षा

बॅटरी जोडा. इंजिन बंदच ठेवा, इग्निशन चालू करा आणि ओव्हरड्राइव्हचं बटण चालू ठेवून सगळे गिअर एकेक करून टाका. न्यूट्रल आणि रिव्हर्समध्ये स्विचपुढच्या पिवळ्या तारेत करंट दिसला, तर गाडी रस्त्यावर काढू नका. आधी वॉशर पुन्हा तपासा.