जटांचा कुत्रा आणि लोणावळ्याचा पाऊस

जुलैत लोणावळ्यात दोरीवर टाकलेला पंचा तिसऱ्या दिवशीही हाताला दमटच लागतो. कपाटातल्या चपलांवर बुरशी धरते, आगपेटी सादळते. अशा गावात, अंगभर लोकरीच्या दोऱ्या लोंबणारा कुत्रा कोणी पाळला तर? मावळात असा कुत्रा दिसणं विरळाच. पण शिह त्झू, ल्हासा अप्सो, पूडल असे केसाळ कुत्रे तिथल्या घराघरांत आहेत, आणि दोरीवाल्या कुत्र्याला ज्या ओलीची भीती, तीच ओल या सगळ्यांच्या अंगात दर पावसाळ्यात मुरते.

दोऱ्यांचे कुत्रे मूळचे मेंढपाळांचे. हंगेरीचा कोमोंडोर हा पांढरा, धिप्पाड राखणदार; त्याच देशाचा पुली आकाराने लहान, चपळ, मेंढरं वळवणारा. इटलीच्या आल्प्स पर्वतातल्या बर्गमास्कोच्या अंगावर दोऱ्यांपेक्षा चपट्या पट्ट्या असतात. कोमोंडोर आणि पुली यांच्या केसांना दोन थर असतात. आत मऊ, दाट लोकर आणि बाहेर राठ, नागमोडी केस. आतली लोकर गळते, पण बाहेरच्या केसांत अडकून जमिनीवर पडतच नाही. ती तिथेच गुंतते, घट्ट होते आणि नमद्यासारखी जमते. लांडग्याचे दात या जाड आवरणातून कातडीपर्यंत सहज पोचत नाहीत, आणि मोकळ्या माळावरचा गार वाराही आत शिरत नाही.

मात्र दोरी आपोआप नीट होते हा गैरसमज आहे. पिल्लू मऊ, कुरळ्या केसांचंच जन्मतं. आठ-दहा महिन्यांचं झालं की केसांची गचपणं धरू लागतात. तेव्हा मालकाला रोज बसून प्रत्येक गचपण दोन्ही हातांनी, टोकापासून थेट कातडीपर्यंत फाडावं लागतं. एका दोरीची जाडी किती ठेवायची हे तिथेच ठरतं. हे काम महिनाभर राहून गेलं तर पाठीवर एकच जाजम तयार होतं, खाली हवा जात नाही आणि कातडी ओढली जाऊन कुत्रा चालतानाही कण्हतो. कंगवा आणि ब्रश या कुत्र्यांना वर्ज्य, पण मालकाच्या बोटांना सुटी नाही.

‘जट’ हा शब्द मराठी माणसाला जरा वेगळा ऐकू येतो. डोक्यात जट धरली म्हणजे देवीचं बोलावणं, ती कापायची नाही, या समजुतीपायी कित्येक बायकांनी मानेचं दुखणं आणि उवा वर्षानुवर्षं सोसल्या. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नंदिनी जाधव यांनी गावोगाव जाऊन अशा अनेक जणींचं मन वळवलं आणि त्यांच्या जटा कापल्या. कुत्र्याला तर आपलं दुखणं सांगताही येत नाही. म्हणून जोपासलेली दोरी आणि हयगयीतून धरलेली जट यांतला फरक मालकालाच कळायला हवा. दोरी सुटी हलते, तिच्या मुळाशी कातडी दिसते. जट कातडीला चिकटलेली असते.

सर्वांत अवघड दिवस आंघोळीचा. शाम्पू पाण्यात पातळ करून स्पंजने दोऱ्यांत मुरवायचा, मग पाणी पूर्ण स्वच्छ येईपर्यंत धुवायचं. चोळायचं नाही, कपडा पिळावा तशी एकेक दोरी मुठीत दाबायची. त्यानंतर टॉवेलांचा ढीग, पंखे, ब्लोअर. एवढं करूनही कोमोंडोर पुरता वाळायला दीड-दोन दिवस जातात. आत ओल राहिली की कुबट वास येतो, बुरशी धरते आणि वास मारणाऱ्या दोऱ्या शेवटी कापाव्या लागतात.

आता हिशेब पाहा. हंगेरीच्या गवताळ मैदानात वर्षाकाठी पाचसहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. लोणावळ्यात जुलैचा एखादा धुवाधार आठवडा तेवढा पाऊस पाडून जातो. वर्षाचा आकडा चार हजारांच्या पुढे. त्यात झाड पडून लाईट गेली की ब्लोअरही बंद.

आपल्या धनगरांनी लोकर आणि पाऊस यांचं वैर फार पूर्वी ओळखलं. पुणे-साताऱ्याकडचे मेंढपाळ दिवाळीनंतर कळप घेऊन घाट उतरतात, कोकणातल्या शेतांत खतासाठी मेंढरं बसवतात आणि मृगाच्या आत देशावरच्या कोरड्या माळांकडे परततात, कारण दख्खनी मेंढीला सततचा चिखल सोसत नाही, तिचे खूर सडतात. चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी ते स्वतः पावसात पांघरतील, पण मेंढीच्या अंगावरची लोकर वर्षातून दोनदा भादरतात.

मावळातल्या केसाळ कुत्र्यांच्या मालकांनी यातून घ्यावं असं बरंच आहे. शिह त्झूच्या गाठी आधी धरतात त्या कानामागे, काखेत, पट्ट्याखाली आणि बोटांच्या बेचक्यांत. वरवर ब्रश फिरवला की केस छान दिसतात आणि गाठ आत तशीच राहते. कंगवा मुळापासून चालवला तरच ती सापडते. गाठ असताना आंघोळ घालू नये, भिजून वाळल्यावर ती आणखी आवळते. कात्रीही लावू नये. गाठीबरोबर कातडी वर उचलली जाते आणि नेमकी तीच कापली जाते. तिथे ट्रिमरच हवा. गवतातून फिरून आल्यावर गोचीड शोधायची, कारण तिच्यामुळे येणारा ताप जिवावर बेततो. आणि ओल्या गाठीखाली जखम झाली असेल तर थांबू नये: माश्या तिथे अंडी घालतात, दोन दिवसांत अळ्या पडतात.

लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर यांचा तुळतुळीत गोटा मात्र करू नये. त्यांचे दुहेरी केस नंतर पुन्हा नीट येतीलच असं नाही. पूडल, शिह त्झू, ल्हासा यांचे केस मेअखेरीस आखूड करून घेणं हीच खरी माया. तेव्हा कापलेला पूडल गणपतीपर्यंत पुन्हा कुरळा होतो. कोमोंडोरची एकदा कापलेली दोरी पुन्हा जमिनीकडे लोंबायला मात्र कित्येक वर्षं लागतात.