श्रवण, चर्चा आणि कृती : शेतीज्ञानाच्या प्रसारासाठी पॉडकास्ट

सावित्रीकाठच्या दासगावसारख्या गावी भातलावणी सुरू झाली, म्हणजे कोणासही पत्रिका वाचण्यास सवड नसते. शिवाय लावणी करणाऱ्या हातांपैकी अनेकांना वाचता येत नाही. अशा वेळी कानांनी ग्रहण करावयाचे ज्ञान उपयोगी पडते. पॉडकास्ट म्हणजे ध्वनिमुद्रित भाषणांची मालिका. ती मोबाइलवर साठवून सोयीच्या वेळी कितीही वेळा ऐकता येते. एकदा साठवल्यावर डोंगराआड जाळे मिळाले नाही तरी अडत नाही.

परंतु नुसते ऐकविणे पुरेसे नाही, हा धडा महाराष्ट्रास फार पूर्वी मिळाला आहे. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रवणमंडळे स्थापन केली. शेतकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवाव्यात, अशी ती योजना होती. पॉल न्यूराथ यांनी तिची पाहणी केली. मंडळे असलेल्या गावांत लोकांचे ज्ञान बरेच वाढले. मात्र रेडिओ असून मंडळ नसलेल्या गावांत वाढ अल्पच दिसली. फरक यंत्राचा नव्हता, चर्चेचा होता.

म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील क्रम ठेवावा. पंधरा-वीस शेतकऱ्यांचे मंडळ करावे व त्यात स्त्रियांना अवश्य घ्यावे. एका भागात एकच विषय असावा आणि तो दहा मिनिटांत संपावा. भाषा गावची असावी. उदाहरणार्थ, चारसूत्री भातलागवडीचा एक भाग केवळ खताच्या गोळ्यांविषयी असावा : १५ व २५ सें.मी. अशा आलटून पालटून अंतरावर लावणी करावी आणि जवळच्या चार चुडांच्या चौकोनात मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी ७ ते १० सें.मी. खोल खोचावी. हा भाग लावणीच्या आधी ऐकवावा. लावणी उरकल्यावर त्याचा उपयोग नाही. ऐकून झाल्यावर एका वाफ्यात प्रत्यक्ष करून दाखवावे. उरलेल्या शंका लिहून कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे पाठवाव्यात आणि त्यांची उत्तरे पुढील भागात द्यावीत.

एक सावधगिरी मात्र कधीही विसरू नये. मुद्रित भाषण शिळे होते. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत दासगावात दरड कोसळून प्राणहानी झाली. पाऊस, पूर व दरडी यांविषयी त्या दिवसाचा अधिकृत इशाराच प्रमाण मानावा. प्रत्येक भागाच्या आरंभी मुद्रणाची तारीख व हंगाम सांगावा, म्हणजे गेल्या वर्षीचा औषधफवारणीचा सल्ला चुकून यंदा पाळला जाणार नाही.

मोबाइल आज बहुतेक घरी आहे. मंडळ मात्र माणसांनीच उभे करावे लागते, आणि तेच ग्रामकार्यकर्त्याचे खरे काम होय.