‘आर’ प्रणालीतील आज्ञावलीद्वारे फायली नष्ट करणे : धुळे जिल्ह्याच्या आकडेवारीच्या संदर्भात

प्रस्तावना : सांख्यिकीय विश्लेषणासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘आर’ या संगणकीय भाषेची १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी प्रसिद्ध झाली. जनगणनेच्या आकडेवारीवर काम करताना आज्ञावलीतून अनेक तात्पुरत्या फायली निर्माण होतात. काम संपल्यावर त्या नष्ट करणे आवश्यक ठरते.

विवेचन : ‘आरएम’ ही आज्ञा केवळ संगणकाच्या स्मृतीतील घटक काढून टाकते; डिस्कवरील फाईल तशीच राहते. फाईल नष्ट करण्यासाठी ‘फाईल.रिमूव्ह’ व ‘अनलिंक’ ही फलने आहेत. पहिले फलन प्रत्येक फाईलबाबत सत्य किंवा असत्य असे उत्तर देते. दुसरे यश आल्यास ० हे मूल्य देते. मात्र फाईल अस्तित्वातच नसेल तर ते त्यास अपयश मानत नाही. या फलनांनी नष्ट केलेली फाईल रिसायकल बिनमध्ये जात नाही.

धुळे जिल्ह्यात धुळे, साक्री, शिरपूर व शिंदखेडा हे चार तालुके आहेत. तालुका व जिल्हा यांचे नाव येथे एकच आहे. शिवाय नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाल्याने १९९१ च्या जनगणनेतील ‘धुळे’ म्हणजे अविभाजित जिल्हा होय. म्हणून नावात ‘धुळे’ असलेल्या सर्व फायली काढण्याची आज्ञा दिल्यास तालुक्याच्या तात्पुरत्या फायलींबरोबर त्याच फोल्डरमधील जिल्ह्याची मूळ आकडेवारीही नष्ट होते.

निष्कर्ष : मूळ फायली स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवाव्यात. नष्ट करावयाच्या फायलींची यादी ‘लिस्ट.फाईल्स’ने आधी तपासावी. तात्पुरत्या फायली ‘टेम्पडिर’ने दर्शविलेल्या फोल्डरमध्ये ठेवणे अधिक सुरक्षित होय; सत्र रीतसर संपताच ‘आर’ तो फोल्डर स्वतःच काढून टाकते.