डोंगराची वही पायथ्याच्या गावात हवी

आपल्या ग्रामपंचायतीच्या कपाटात एक शेरेबुक असतं. कुणी अधिकारी गावाला येऊन गेला की त्यात दोन ओळी लिहून सही करतो. ‘भेट दिली, कामाची पाहणी केली.’ मीही असे शेरे लिहिले आहेत, त्यामुळे दुसऱ्याला नावं ठेवत नाही. पण खरं सांगा, मागचा शेरा वाचून पुढचं काम ठरवलं असं तुमच्या गावात किती वेळा घडलं? ज्या वहीत नुसतं लिहिलं जातं आणि वाचलं कुणीच जात नाही, ती वही काय कामाची?

आज अशाच एका वहीविषयी लिहायचं आहे. ही वही डोंगर चढणाऱ्यांची. शेतीच्या पानावर तिचं काय काम, असं तुम्हाला वाटेल. पण ज्यांचं गाव गडाच्या नाहीतर सुळक्याच्या पायथ्याला आहे, त्यांनी हे जरूर वाचावं. रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन डोंगरात शिरायची वेळ शेवटी त्यांच्यावरच येते.

एका रात्रीची गोष्ट

काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात भात लावणीच्या प्रात्यक्षिकासाठी मी एका गडाखालच्या गावात मुक्कामाला होतो. पाऊस धरून होता. संध्याकाळी रस्त्याच्या कडेला शहरातली एक गाडी उभी दिसली. त्यातली चार पोरं सकाळी गडावर गेली होती. दिवे लागले तरी गाडी तिथंच. आठ वाजले, नऊ वाजले. फोन लागेना. पोलीस पाटलांनी चार घरांना हाका मारल्या आणि सात जण कंदील, बॅटऱ्या, दोर घेऊन वर निघाले.

रात्रभर शोध चालला. पहाटे बातमी आली की ती पोरं गडाच्या दुसऱ्या अंगाला उतरली होती. धुक्यात वाट सापडेना म्हणून खाली दिसलेल्या गावात शिरली, पिठलं-भाकरी खाऊन निवांत झोपली. त्यांचा काही गुन्हा नव्हता. त्या गावानंही माणुसकीच केली. पण ‘चार माणसं आमच्याकडे सुखरूप आहेत’ हा निरोप इकडे कुणाला द्यायचा, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

शोधायला गेलेल्यांपैकी एकाचा पाय शेवाळलेल्या कातळावरून घसरला आणि घोट्याचं हाड मोडलं. त्याच्या घरी दोन एकर भात. रोप तयार, चिखलणी झालेली आणि कर्ता माणूस खाटेवर. भावकीतल्या लोकांनी आपलं उरकून त्याची लावणी केली, तोवर बारा दिवस गेले होते. रोप जून झालं की फुटवे कमी येतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्या साली त्याच्या खळ्यावर काय आलं असेल, याचा हिशेब तुम्हीच करा. दोन गावांत एक-एक वही आणि एक फोन एवढं असतं, तर हे सगळं टळलं असतं.

शिखरावरची वही

डोंगरावर वही ठेवायची पद्धत जुनी आहे. युरोपातल्या आल्प्स पर्वतात शिखरावर बहुधा एक क्रूस असतो आणि त्याच्याजवळ पत्र्याच्या डबीत वही-पेन्सिल. वर पोचलेला माणूस नाव आणि तारीख लिहितो, हवा कशी होती ते लिहितो, इथून पुढं कोणत्या शिखराकडे निघालो तेही पुष्कळदा लिहून ठेवतो. माणूस परतला नाही, तर शोधायला जाणारे त्या नोंदीवरून माग काढतात. एका शिखरावर नाव आहे आणि पुढच्यावर नाही, म्हणजे शोध कुठं घ्यायचा हे बरंचसं ठरलंच.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात ॲडिरॉन्डॅक नावाचे डोंगर आहेत. तिथं ४६ उंच शिखरं एकामागून एक चढून पुरी करणाऱ्यांची एक संघटना आहे. ज्या शिखरांवर नीट वाट नव्हती, त्यांच्यावर या संघटनेनं डब्यांत वह्या ठेवल्या होत्या. ग्रेस हुडोवाल्स्की या बाईंनी १९३७ साली ही ४६ शिखरं पुरी केली. असं करणाऱ्या त्या पहिल्या महिला. पुढं कितीतरी वर्षं त्या चढणाऱ्यांची पत्रं वाचून स्वतः उत्तरं लिहीत असत. लिहिलेलं कुणीतरी वाचतंय म्हटल्यावर लोकही मनापासून लिहीत. २०१४ साली तिथल्या एका शिखराला त्यांचं नाव देण्यात आलं.

आता यातली आपल्या कामाची गोष्ट सांगतो. शिखरांवरचे ते डबे २००१ साली काढून टाकण्यात आले. राखीव रानात माणसानं ठेवलेली वस्तू नको, असा तिथला नियम. पण डोंगराच्या पायथ्याला, वाट सुरू होते तिथं जी वही असते, ती राहिली. नाव काय, माणसं किती, कुठं जाणार, हे तिच्यात लिहायचं असतं आणि कुणी हरवलं की वनरक्षक आधी ती वही उघडतात. वरची वही हौसेची होती, ती गेली तरी निभावलं. खालच्या वहीवर जीव अवलंबून असतो, म्हणून ती टिकली.

एक डोंगर, तीन जिल्हे

आपल्याकडे काय स्थिती आहे पाहा. हरिश्चंद्रगड घ्या. उंची १४२४ मीटर. पाचनईची वाट अकोले तालुक्यातून, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून. खिरेश्वरहून तोलार खिंडीची वाट जुन्नर तालुक्यातून, म्हणजे पुणे जिल्ह्यातून. बेलपाड्याकडून नळीची अवघड वाट मुरबाड तालुक्यातून, म्हणजे ठाणे जिल्ह्यातून. गड एक, पण जिल्हे तीन आणि पोलीस ठाणीही तीन. खिरेश्वरहून चढून पाचनईला उतरणारे कितीतरी गट असतात. खिरेश्वरला वाटतं माणसं वर आहेत. पाचनईला ती वर गेल्याचं माहीतच नसतं.

२०२३ सालच्या ऑगस्टमध्ये याच गडाच्या वाटेवर पुण्याहून आलेला एक गट पाऊस आणि धुक्यात वाट चुकला. त्यातला एक जण गारठून दगावला. वही असती तर तो वाचलाच असता, असं म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण भिजलेल्या माणसासाठी रात्रीचा एक-एक तास मोलाचा असतो आणि शोध कधी सुरू करायचा, कोणत्या वाटेनं करायचा, हे तास वाचवायचं काम वहीच करते.

राजगड-तोरण्याचंही तेच. गुंजवण्यातून राजगड चढायचा, डोंगरसोंडेनं तोरणा गाठायचा आणि वेल्ह्यात उतरायचं. अलंग, मदन, कुलंग करणारेसुद्धा एका गावातून चढून दुसऱ्या गावात उतरतात. माणूस एका शिखरावरून दुसऱ्यावर जातो, त्याची नोंद मात्र पहिल्याच गावात अडकून पडते. काही गावांत वन विभागाची समिती प्रवेश शुल्काची पावती फाडते, ते चांगलंच आहे. पण पावतीपुस्तकावरून पैसे किती जमले ते कळतं, माणूस खाली आला की नाही ते कळत नाही.

उसाच्या स्लिपसारखं करा

बागायती भागातल्या मंडळींना उदाहरण देतो. उसाची गाडी फडातून निघते तेव्हा तिच्याबरोबर स्लिप जाते. कोणाचा ऊस, कोणत्या गटातला, गाडी कोणती, ते चिटबॉय लिहितो. कारखान्याच्या काट्यावर ती स्लिप पोचली नाही, तर गाडी वाटेत कुठंतरी अडकली हे लगेच कळतं. डोंगरावर जाणाऱ्या माणसाला आपण उसाच्या मोळीएवढं तरी मोल द्यायला नको का?

पद्धत अगदी सोपी आहे. चढायच्या गावात वहीत नोंद करायची आणि गटाच्या हाती नोंदीचा क्रमांक लिहिलेली एक चिठ्ठी द्यायची. गट जिथं उतरेल तिथं ती जमा करायची. उतरायच्या गावानं फोन करून सांगायचं, ‘तुमचे सतरा नंबरचे चौघं उतरले.’ फोन लागत नसेल तिथं एसटीच्या नाहीतर जीपच्या ड्रायव्हरकडे निरोप द्यायचा. दिलेल्या वेळेनंतर दोन तासांत चिठ्ठी पोचली नाही, तर पोलीस पाटलांना सांगायचं आणि ११२ क्रमांकावर कळवायचं. मग अंधारात सात माणसं अंदाजानं पाठवायची गरज राहणार नाही.

वहीत पुढचे रकाने पाडून घ्या:

१) नोंद क्रमांक, तारीख, निघायची वेळ.
२) गटप्रमुखाचं नाव, गाव, फोन आणि माणसं किती.
३) कोणत्या वाटेनं वर जाणार, कोणत्या गावात उतरणार.
४) किती वाजेपर्यंत उतरणार. मुक्काम असेल तर कुठं.
५) गाडी कुठं उभी आहे आणि तिचा नंबर.
६) घरच्या एका माणसाचा फोन.
७) उतरल्याची वेळ आणि सही.
८) शेरा.

शेवटचा रकाना भरायचा कंटाळा करू नका. टाक्यातलं पाणी पिण्याजोगं आहे का, शिडीचा खिळा निसटलाय का, कोणत्या कपारीत आग्या मोहोळ बसलंय, कुठं वणव्याचा धूर दिसला, हे उतरणाऱ्याकडून लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी चढणाऱ्याला ते वाचून दाखवा. शेरेबुक आणि या वहीत फरक असेल तर तो इथंच. इथला शेरा पुढच्या माणसासाठी असतो.

चार शंका

वही सांभाळणार कोण? वाटेच्या तोंडाशी ज्याचं चहाचं नाहीतर जेवणाचं घर आहे, त्याच्याकडे द्या. तो पहाटे उठलेला असतो आणि येणारा-जाणारा त्याच्याच दारावरून जातो. महिला बचत गट जेवण देत असेल तर तिथं ठेवा.

खर्च किती? दोनशे पानी एक रजिस्टर, एक चिठ्ठीपुस्तक आणि दोरीनं बांधलेलं पेन. यासाठी कुठल्या योजनेची वाट बघायची गरज नाही.

नावं-फोन लिहून घेणं बरं दिसतं का? हा प्रश्न रास्त आहे. हल्ली मुलींचेही गट येतात. त्यांचे फोन नंबर उघड्या वहीत कुणीही वाचावेत, हे बरोबर नाही. म्हणून वही टेबलावर उघडी टाकू नका. सांभाळणाऱ्यानं स्वतः लिहावं आणि मिटून ठेवावी. आधार कार्ड मागत बसू नका. आपल्याला तपासणी करायची नाही, माणूस परत आला की नाही एवढंच बघायचं आहे.

लोक नोंद करतील का? सगळे करणार नाहीत. सुरुवातीला निम्मे हसतील. पण ‘तुम्ही उतरला नाहीत तर आम्ही शोधायला येणार आहोत, म्हणून विचारतोय’ असं सरळ सांगितलं की शहाणा माणूस पेन हातात घेतो.

गावाला काय मिळेल?

वर्षभराची वही बेरीज करून ग्रामसभेपुढं ठेवा. पावसाळ्यात किती आले, काजव्यांच्या दिवसांत किती, शनिवार-रविवारी किती, मुक्कामाला किती. रस्ता, शौचालय, आरोग्य उपकेंद्र मागताना ‘पुष्कळ लोक येतात’ म्हटलं तर साहेब मान हलवतात. महिनावार आकडा समोर ठेवला की त्यांना उत्तर द्यावं लागतं. कुणाच्या घरी तांदूळ, नागली, हुलगे किती लागतील याचाही अंदाज येतो. आपल्याच शेतातली नागली आपल्याच अंगणात भाकरी होऊन विकली गेली, तर बाजारापेक्षा दोन पैसे जास्तच सुटतात. आणि भाताच्या खाचरातून कुणी वाट पाडली, तर कोणता गट त्या दिवशी गेला हेही वहीत सापडतं.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (ज्यांना आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो) आणि पोलीस पाटील यांनी एक काम करावं. आपल्या डोंगराच्या पलीकडल्या गावाला एकदा जाऊन यावं. जिल्हा वेगळा असेल, तालुका वेगळा असेल, पण डोंगर एकच आहे. पुष्कळदा तिथं आपल्याच सोयरिकी असतात. चहा घ्यावा, एकमेकांचे दोन-दोन फोन नंबर आपापल्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहावेत आणि वही कधीपासून सुरू करायची ते ठरवून यावं. पेरणीच्या आधीच हे उरकलं तर उत्तम. एकदा पाऊस लागला की तुम्हाला सवड नसते आणि डोंगरावर गर्दी नेमकी तेव्हाच असते.

घोटा मोडलेला तो शेतकरी आता चालतो, थोडा लंगडतो. मागं भेटला तेव्हा विचारलं, ‘पुन्हा कुणी हरवलं तर जाशील का रे वर?’ तो म्हणाला, ‘जाणारच की साहेब. पण कुठं बघायचं ते आधी सांगा.’

त्याला ते सांगता यावं, एवढ्यासाठीच ही वही.