खर्च झाला, म्हणून फी वाढली

महाराष्ट्रातल्या खाजगी विनाअनुदानित अभियांत्रिकी, औषधनिर्माण किंवा वैद्यकीय महाविद्यालयाची फी संस्थाचालक आपल्या मनाने लावतात, असा पुष्कळ पालकांचा समज असतो. प्रत्यक्षात ती मंजूर करते राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण. महाविद्यालय आपला लेखापरीक्षित जमाखर्च पाठवते. प्राधिकरण तो तपासते, न पटणाऱ्या रकमा वगळते, उरलेला खर्च विद्यार्थ्यांवर विभागते, संस्थेच्या वाढीसाठी काही शिल्लक धरते आणि शिक्षण शुल्क व विकास शुल्क असे आकडे जाहीर करते. यामागे कायदा आहे आणि सर्वोच्च न्यायालयाचे निकालही आहेत. एवढा बंदोबस्त असूनही फी चढतच राहते, याचे कारण या तपासणीच्या पद्धतीतच आहे असे मला वाटते. प्राधिकरण संस्थेला एकच प्रश्न नेटाने विचारते: हा खर्च खरोखर झाला का? एवढा खर्च व्हायला हवा होता का, हा दुसरा प्रश्न त्याच नेटाने विचारला जात नाही. झालेल्या खर्चावरून फी ठरणार असेल, तर खर्च आवरून धरण्यात संस्थेचा काहीच फायदा राहत नाही.

ही पद्धत कुठून आली हे पाहिले की तिची अडचण कळते. महाविद्यालय चालवायचे तर खर्चाचा भार कोणाला तरी उचलावा लागतो. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या सुरुवातीच्या काळात तो शिक्षकांनी उचलला. आजीव सदस्य होऊन दरमहा 75 रुपयांवर 20 वर्षे शिकवण्याचे व्रत गोपाळ कृष्ण गोखल्यांसारख्यांनी घेतले. स्वातंत्र्यानंतर अनुदानित महाविद्यालयांच्या पगाराचा भार सरकारने घेतला. 1983 मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि भार पालकांकडे सरकला. लगोलग देणग्यांचा बाजार सुरू झाला, म्हणून 1987 मध्ये कॅपिटेशन फीला बंदी घालणारा कायदा आला. पुढची वळणे न्यायालयात घेतली गेली. 1993 च्या उन्नीकृष्णन निकालाने काही जागा कमी फीच्या आणि काही जादा फीच्या ठेवल्या. 2002 च्या टी. एम. ए. पै निकालाने ती योजना मोडून संस्थांना फी ठरवण्याची मोकळीक दिली. 2003 मध्ये निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालच्या समित्या आल्या. 2005 च्या इनामदार खटल्यात, जो महाराष्ट्रातलाच होता, न्यायालयाने सीमारेषा आखली: नफेखोरी नको, कॅपिटेशन नको, पण संस्थेच्या विकासापुरती वाजवी शिल्लक चालेल. 2015 चा राज्याचा कायदा याच रेषेवर उभा आहे. न्यायालयांपुढे प्रश्न होता नफेखोरीचा, आणि तिला आळा घालण्याचे साधन त्यांनी दिले. खर्चाची वाजवी पातळी ठरवण्याचे काम कोणाकडेच नीट सोपवले गेले नाही.

ती पातळी ठरवता येते का? निदान पगाराच्या बाबतीत नक्की येते, आणि शिकवण्याच्या खर्चात पगाराचाच वाटा मोठा असतो. 60 जागांची एक शाखा घेऊ. चार वर्षांची मिळून 240 मुले. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या, 2018 पासूनच्या नियमाप्रमाणे 20 विद्यार्थ्यांमागे 1 शिक्षक, म्हणजे 12 शिक्षक. प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि सहायक प्राध्यापक यांचे प्रमाण 1:2:6. त्याच्या जवळपास राहायचे तर 1, 3 आणि 8. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे त्यांचे सुरुवातीचे मूळ वेतन अनुक्रमे 1,44,200, 1,31,400 आणि 57,700 रुपये. त्यावर 50 टक्के महागाई भत्ता धरला, तर या 12 जणांचा महिन्याचा पगार होतो बरोबर 15 लाख आणि वर्षाचा 1 कोटी 80 लाख. 240 मुलांत वाटला तर प्रत्येकी 75,000 रुपये. घरभाडे भत्ता, प्रयोगशाळा सहायक, कारकून, वीजबिल, ग्रंथालय, विद्यापीठाचे आणि मूल्यांकनाचे शुल्क हे सगळे याच्यावर. न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या समितीनेही देशपातळीवर अशीच मांडणी केली. 2015 च्या अहवालात अभियांत्रिकी पदवीसाठी वर्षाला कमाल सुमारे 1.58 लाख रुपयांची मर्यादा सुचवली होती. पुढच्या अहवालात किमान सुमारे 79,600 आणि कमाल सुमारे 1.89 लाख रुपये सुचवले. आपला 75,000 चा आकडा त्या किमान मर्यादेच्या जवळ पोहोचतो, यात आश्चर्य नाही. असा आकडा हातात असला की दोन्ही बाजूंनी प्रश्न विचारता येतो. फी त्याच्या दुप्पट असेल तर वरचे पैसे कशावर जातात? आणि फी निम्मी असेल तर ते 12 शिक्षक खरोखर आहेत का, की कागदावर 12 आणि वर्गात तासिका तत्त्वावरचे चौघे?

संस्थाचालकांचे पहिले म्हणणे असते की खर्च आमच्या हातात नाही, आणि ते बरेचसे खरे आहे. दरवर्षी 3 टक्के वेतनवाढ आणि वर महागाई भत्त्याची भर. एकही माणूस न वाढवता पगाराचा बोजा वाढतो. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी 1966 मध्ये नाटक-संगीताच्या अर्थकारणावर लिहिताना हे दाखवून दिले होते: कारखान्यात यंत्राने उत्पादन वाढते आणि त्यातून मजुरी वाढवता येते, पण चौघांनी वाजवायची रचना आजही चौघांनाच वाजवावी लागते, आणि त्यांचा मेहनताना मात्र बाकीच्या जगाबरोबर वाढवावा लागतो. तासाला 60 मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकाचे तसेच आहे. पण एवढ्यावर सगळी वाढ उलगडत नाही. ज्या महाविद्यालयात दर दोन वर्षांनी शिक्षक सोडून जातात आणि नवे लोक पुन्हा सुरुवातीच्या पगारावर येतात, तिथे साठलेल्या वेतनवाढीचा बोजा कुठून येणार? 2018 च्या आधी प्रमाण 15 विद्यार्थ्यांमागे 1 शिक्षक होते. आपल्या शाखेला 16 शिक्षक लागत होते, ते 12 झाले. शिक्षकांची गरज चौथ्या हिश्शाने घटली, तेव्हा तिच्या जोडीने फी उतरली नाही. इथे दुसऱ्या एका बोवेनचे, हॉवर्ड बोवेन यांचे 1980 चे निरीक्षण लागू पडते. त्यांच्या मते महाविद्यालये जितका पैसा उभा करता येईल तितका करतात आणि उभा राहिलेला सगळा खर्च करून टाकतात. चांगल्या शिक्षणासाठी करण्यासारखे नेहमीच आणखी काहीतरी असते, म्हणून खर्चाला वरची मर्यादा उरत नाही. ते अमेरिकी महाविद्यालयांबद्दल लिहीत होते. आपल्याकडे त्यात एक भर पडली: वाढलेला खर्च पुढच्या प्रस्तावाचा पुरावा ठरतो.

रिकाम्या जागांचे गणित तर फार वाईट आहे. वरच्या शाखेत 240 ऐवजी 120 मुले आली आणि शिक्षक मंजूर जागांप्रमाणे ठेवले, तर माणशी पगारखर्च 75,000 वरून दीड लाखावर जातो. स्थापत्य आणि यंत्र अभियांत्रिकीच्या जागा ओस पडत गेल्या, तेव्हा अनेक महाविद्यालयांपुढे हा पेच उभा राहिला. हा भागाकार हजर मुलांच्या संख्येने करायचा की मंजूर जागांनी, यावर फी ठरते. हजर मुलांनी भागले तर संस्थेच्या चुकलेल्या अंदाजाची किंमत, आलेली मुले मोजतात. मंजूर जागांनी भागले तर संस्था तोट्यात जाते आणि तो तोटा बहुधा शिक्षकांच्या थकलेल्या पगारातून भरून निघतो. मला दुसराही मार्ग मान्य नाही. मुलेच येत नसतील तर ती शाखा बंद करायला हवी. 2024 मध्ये एआयसीटीईने चांगल्या कामगिरीच्या संस्थांवरची जागांची कमाल मर्यादा उठवली, त्यामुळे नावाजलेल्या महाविद्यालयांत संगणक शाखेच्या जागा आणखी वाढू शकतात आणि छोट्या गावांतल्या वर्गांना गळती लागू शकते. भागाकाराचा नियम आता आधीच ठरवून ठेवायला हवा.

दोन आक्षेप विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला असा की कमाल आकडा ठरवला तर जे महाविद्यालय उत्तम शिक्षक आणते, संशोधनावर खर्च करते, त्याचे पाय बांधले जातील. भीती रास्त आहे. म्हणूनच प्रमाणित खर्चाचा आकडा ही भिंत नसावी. त्याच्या वर जाणाऱ्या संस्थेने कारण द्यावे आणि ते जाहीर व्हावे. नावाजलेली संस्था हे सहज करू शकते. दुसरा आक्षेप असा की सरकारच फीची प्रतिपूर्ती करते, मग पालकांना झळ कुठे? राजर्षी शाहू महाराज योजनेत शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते. 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना 2024-25 पासून पात्र गटांत संपूर्ण शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. हे निर्णय मला मनापासून हवेसे वाटतात. त्यांच्यामुळे कितीतरी मुली शिकतील. पण देणारा बदलल्याने खर्च कमी होत नाही, उलट जाब विचारणारा पालक बाजूला होतो. अमेरिकेत 2014 मध्ये स्टेफनी सेलिनी आणि क्लॉडिया गोल्डिन यांनी नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थांची तुलना केली; सरकारी मदतीला पात्र असलेल्या संस्थांची फी तशाच अपात्र संस्थांपेक्षा सुमारे पाऊणपट जास्त निघाली. आपल्या संस्था न्यास आहेत, नफा काढून घेण्याची त्यांना मुभा नाही, म्हणून तो निष्कर्ष जसाच्या तसा इथे लावता येणार नाही. पण ज्या सरकारला आता फीचा मोठा हिस्सा भरायचा आहे, त्यानेच वाजवी खर्चाचा आकडा मागायला हवा.

त्यासाठी नवे खाते उघडण्याची गरज नाही. महाविद्यालये प्रस्तावासोबत पगारपत्रके, घसारा, भाडे आणि मूळ न्यासाशी झालेल्या व्यवहारांचे आकडे आजही देतात. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मंजूर फीच्या शेजारी चार रकाने वाढवले तरी पुष्कळ कळेल: माणशी पगारखर्च, बँकेतून प्रत्यक्ष जमा झालेला पगार, इमारत किंवा जागेच्या भाड्यापोटी मूळ संस्थेला दिलेली रक्कम, आणि कोणता खर्च का अमान्य झाला. प्रवेशाचा पर्याय भरताना बारावी झालेल्या मुलीला मागच्या वर्षीचा कटऑफ दिसतो. त्याच यादीत हे चार आकडे दिसले, तर आपले पैसे वर्गात जातात की कमानीच्या प्रवेशद्वारात, हे तिला आणि तिच्या आईवडिलांना पहिल्या राउंडच्या आधी ताडून पाहता येईल.