सफेत्याचे धुके

इ. स. १४८३ च्या एप्रिलमध्ये मिलानच्या एका धर्मसंघाने लिओनार्दो दा विंची व त्याचे दोन सहकारी यांच्याशी वेदीवरील चित्राचा जो करारनामा केला, त्यातील मोबदल्याच्या बाबीवरून उभय पक्षांत अनेक वर्षे कज्जा चालला. ज्या चित्रासाठी तो चालला, त्या ‘खडकांतील कुमारी’ची एक प्रत पॅरिसच्या लूव्रमध्ये व दुसरी लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. काळोख्या घळीतून मेरी, दोन बालके व देवदूत अशा रीतीने वर येतात की, देवदूताच्या गालाची कड कोठे संपते व सावली कोठे सुरू होते हे बोट ठेवून सांगता येत नाही. मागचे सुळके तर निळसर होत होत हवेतच विरतात.

या निळाईचा विचार लिओनार्दोने स्वतःच केला होता. वाळक्या लाकडाचा धूर काळोखापुढे निळा दिसतो हे पाहून, हवेचा निळेपणा तिच्या अंगचा नसून उजळलेल्या सूक्ष्म कणांमागे अंधार असल्यामुळे भासतो, असे त्याने टिपणांत लिहून ठेवले. पुढे लॉर्ड रॅले म्हणून विख्यात झालेल्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७१ साली दाखवून दिले की, अतिसूक्ष्म कणांमुळे होणारे प्रकाशाचे प्रकीर्णन तरंगलांबीच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणूनच निळा प्रकाश तांबड्याच्या सुमारे चौपट विखुरतो. गडद थरावर शिशाच्या सफेत्याचा विरळ हात फिरवला की त्याचे बारीक कणही बव्हंशी हेच करतात, आणि निळ्या रंगाचा ठिपकाही न वापरता निळसर झाक उमटते. धुक्याचे चित्र काढण्यापेक्षा फळीवर थोडे धुकेच पसरावे, तसा हा प्रकार आहे.

तेलावाचून मात्र हे साधले नसते. जवसाचे वा अक्रोडाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला प्राणवायू शोषून त्याचे रेणू परस्परांत गुंफले जातात व पारदर्शक पापुद्रा बनतो. याला दिवसच्या दिवस लागतात. उतावळ्याने या वाटेला जाऊच नये. फ्रेंच संशोधक फिलिप वाल्तेर व त्याच्या सहकाऱ्यांनी २०१० साली लूव्रमधील लिओनार्दोच्या ७ चित्रांतील चेहरे, रंगाचा कणही न खरवडता, क्ष-किरणांनी तपासले, तेव्हा ‘मोनालिसा’त जेमतेम २ मायक्रोमीटरचे थर एकावर एक चढवलेले आढळले, सगळे मिळून ३० ते ४० मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या निम्म्याइतके.

काळ मात्र यात ढवळाढवळ करतो. तेल जुने होते तसा त्याचा अपवर्तनांक वाढतो आणि झाकणारा थर पारदर्शक होऊन खालच्या खाडाखोडी डोकावू लागतात. त्यात पिवळ्या पडलेल्या रोगणाची भर पडली की निळे सुळके हिरवट दिसतात. लंडनच्या प्रतीवरील असले रोगण पातळ करण्याचे काम २०१० साली पुरे झाले, त्यामुळे लिओनार्दोची हवा पाहू इच्छिणाऱ्याने आधी लंडनच गाठावे, असे माझे मत आहे.