शिंदी : फलधारणा व संवर्धन (संदर्भ : माकणी परिसर)

प्रस्तावना : धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील माकणी हे गाव तेरणा नदीवरील निम्न तेरणा प्रकल्पामुळे परिचित आहे. मराठवाड्याच्या अवर्षणप्रवण भागात ओढ्याकाठी व बांधांवर शिंदी हा ताडवर्गीय वृक्ष वाढतो. ‘शिंदी’ या शब्दाने झाड आणि त्यापासूनचे मादक पेय या दोहोंचा बोध होतो. त्यामुळे हा फळवृक्षही आहे, याकडे दुर्लक्ष होते. प्रस्तुत लेखात शिंदीच्या फलधारणेचा आणि तीवर अवलंबून असलेल्या संवर्धनाचा विचार केला आहे.

परिचय : शिंदीचे शास्त्रीय नाव फिनिक्स सिल्व्हेस्ट्रिस असून खजूर याच प्रजातीतील आहे. फळ सुमारे २ ते ३ सें.मी. लांब, पिकल्यावर नारिंगी-पिवळे व गोड असते. गर मात्र पातळ असतो आणि आत खाच असलेली एकच बी असते.

फलधारणा : शिंदीत नर व मादी फुले वेगवेगळ्या झाडांवर येतात. फुलोरा येईपर्यंत झाड नर की मादी, हे बाह्य लक्षणांवरून ओळखता येत नाही. खजुराच्या बुंध्याशी येणारे फुटवे वेगळे करून मादी झाडांचीच लागवड करता येते. शिंदीला सहसा असे फुटवे येत नाहीत. तिची पुढील पिढी बियांवरच अवलंबून असते. साहजिकच ‘फळ न देणारे’ म्हणून नर झाड तोडले, तर परागाअभावी जवळपासच्या मादी झाडांची फलधारणाही घटते.

उपयोग व ताण : शिंदीच्या पानांपासून केरसुण्या व चटया तयार होतात; लक्ष्मीपूजनात केरसुणी पुजली जाते. ताडाचा रस फुलोऱ्यातून, तर शिंदीचा रस शेंड्याजवळील खोडाला छेद देऊन मिळवतात. ताजा रस म्हणजे नीरा. ती आंबली की मादक होते. बंगालमध्ये हिवाळ्यात हाच रस आटवून गूळ करतात. पाने अन्न तयार करतात आणि रसातून साखर वाहते. म्हणून दोहोंचा अतिरेकी उपसा झाल्यास फळांच्या वाट्याला अन्न कमी येते.

समारोप : केवळ झाडांची संख्या मोजून शिंदीची स्थिती कळत नाही. ओढ्यावर पन्नास झाडे असली, तरी ती सर्व एकाच लिंगाची असल्यास तेथे नवे रोप उगवण्याची आशा नाही. माकणी परिसरातील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांनी फुलोऱ्याच्या काळात नर-मादी झाडांची स्वतंत्र नोंद घ्यावी, ही अल्पखर्चिक आणि विद्यार्थ्यांना सहज जमणारी पहिली पायरी ठरेल.